तांडेबार शब्दाची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, फुलस्केप. गेली तीन वर्षं मी महागावातल्या एका संशोधन केंद्रात, काचेच्या पेटीत, पान सत्याऐंशीवर उघडी पडून आहे. उघडी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, चला, मोकळी तरी आहे. तसं मुळीच नाही. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून मला दाबून धरलं आहे. समोरासमोरची दोन पानं उजेडात, आणि बाकीची एकशे अठ्ठ्याण्णव पानं अंधारात एकमेकांच्या अंगावर. मे महिन्यात पेटीच्या आत काय होतं ते विचारूच नका. कोपऱ्यात चार डांबरगोळ्या ठेवल्या आहेत, त्यांच्या वासानं कसर मरते म्हणे. कसर मेली की नाही ठाऊक नाही, माझा जीव मात्र रोज जातो.

पेटीवर एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘इटलीच्या महाकवीची सातशे वर्षं जुनी वही’. लिहायचं होतं, ‘सातशे वर्षांपूर्वीच्या महाकवीवरची वही’. पाटी रंगवणाऱ्याकडे जागा कमी पडली, त्यानं शब्द इकडचे तिकडे करून बसवले. वर्तमानपत्रात तसंच छापून आलं. तेव्हापासून लोक येतात, चपला बाहेर काढतात आणि हात जोडून उभे राहतात. एका बाईनं तर काचेला कुंकू लावलं. माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन ते तीस पाढे छापलेले आहेत. सातशे वर्षांपूर्वी इटलीत मराठीतून पाढे म्हणत होते, असं कुणाला वाटलं असेल तर माझा काही इलाज नाही. पण पुठ्ठा खाली आहे आणि मला उलटून कुणी पाहत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतो तो महागावचा मंगळवारचा बाजार आणि स्टेशनरीच्या दुकानातून मला उचलणारा एक हात. तो हात खेमसिंग सरांचा. सर हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि गावाबाहेरच्या बंजारा तांड्यात राहायचे. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले, सर मात्र सायकलवर महागाव ते तांडा एवढंच फिरायचे.

सरांना यवतमाळच्या एका रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. सुरुवातीची वीस पानं फाटलेली, त्यामुळे कवीचं नावही गेलेलं. सर सहा महिने ते पुस्तक वाचत होते, कोण लिहितो आहे हे न कळता. पुढे नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं तेव्हा नाव कळलं. नाव कळलं खरं, पण तांड्यात ते कुणाच्या जिभेवर बसेना. सरांच्या बायकोनं, रुपीबाईनं, त्याचं सरळ ‘इटलीवाला’ करून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात तो इटलीवाला. मीही तेच म्हणणार, तुम्ही चालवून घ्या.

हा इटलीवाला मोठा विद्वान होता. त्या काळी तिकडचे विद्वान पंडितांच्या भाषेत लिहायचे. ह्यानं बाजारात, विहिरीवर, पाळण्याशी बोलतात त्या भाषेत आपलं सगळ्यांत मोठं काव्य लिहिलं. पंडितांनी नाकं मुरडली असतील. पण पुढची सातशे वर्षं त्याच पंडितांचे वंशज त्याच्या एकेका ओळीवर टिपा लिहीत बसले, टिपांवर टिपा लिहीत बसले, आणि अजून उठलेले नाहीत. हे वाचून सरांच्या मनानं घेतलं, की ह्या कवीचा एकेक शब्द आपल्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आणायचा. त्याच्यासाठी माझी खरेदी झाली.

माझ्या प्रत्येक पानावर सरांनी तीन रकाने आखले. पहिल्यात इटलीचा शब्द, दुसऱ्यात गोरबोलीचा शब्द, तिसऱ्यात अर्थ आणि एक उदाहरण. पहिला रकाना भरायला सरांकडे टपालानं मागवलेला शब्दकोश होता. दुसरा रकाना भरायला रुपीबाई होती. सर शाळा शिकून शहाणे झाले होते, त्यात त्यांची निम्मी गोरबोली सांडून गेली होती. रुपीबाई एक दिवस शाळेत गेली नव्हती, तिच्यापाशी सगळी शाबूत होती. दुपारी सर ओट्यावर मला मांडीवर घेऊन बसत, रुपीबाई समोर तूर पाखडत असे. सर शब्द समजावून सांगत, ती सूप न थांबवता उत्तर देई. घरात ती दोघं गोरबोलीत बोलत. मी तुम्हाला त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल. बाहेरच्या माणसाशी ती तशीच बोलते.

ते दिवस फार चांगले होते. माझ्यावर तुरीचा भुसा उडे, चहाचे थेंब पडत, नातीनं, म्हणजे राखीनं, रांगत येऊन माझं एक पान चाटलंसुद्धा. मला कुणी जपत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

एके दिवशी आम्ही पान सत्याऐंशीवर आलो. सर म्हणाले, “आता शब्द हाय देशनिकाल. इटलीवाल्याले त्याच्या गावानं हाकलून देल्लं. परत आला तं जिता जाळू म्हणले. तो मरेपर्यंत दुसऱ्याच्या गावाईत राह्यला. याले आपल्या बोलीत काय म्हणाव?”

रुपीबाईचं सूप थांबलं. एरवी ते कधी थांबत नसे.

“देशातून कसं काढतीन?” ती म्हणाली. “आपला देश तं बैलाच्या पाठीवर होता. जिथं गोणी उतरली तिथं देश. माणसाले माणसातून काढतेत. तांडेबार लिवा.”

सरांनी दुसऱ्या रकान्यात ‘तांडेबार’ लिहिलं. मग तिसऱ्या रकान्यात अर्थ लिहायला घेतला आणि पेन थांबलं. मला वाटलं शाई संपली. शाई संपली नव्हती, कारण टोकाशी थेंब जमून माझ्यावर पडला. मग सरांनी भराभर लिहिलं, ‘गुन्ह्यासाठी तांड्याबाहेर काढलेला माणूस. उदा. इटलीचा कवी.’

“काय लिवलं?” रुपीबाईनं विचारलं.

“अर्थ लिवला.”

“बराबर लिवला न?”

“हो,” सर म्हणाले आणि त्यांनी मला मिटलं.

मित्रांनो, वहीला सगळं ठाऊक असतं, पण तिला तोंड नसतं. जिला वाचता येत नाही तिच्यासमोर वही म्हणजे नुसता पुठ्ठा. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण बंद असल्यासारखं वाटलं. काचेची पेटी पुष्कळ नंतरची.

माझी शेवटची पानं भरली त्याला आता बारा वर्षं झाली. त्यानंतर सर आजारी पडले, आणि चार वर्षांपूर्वी गेले. ते गेल्यावर माझं नशीब उघडलं, असं लोक म्हणतात. सदाशिवराव म्हणून एक निवृत्त प्राचार्य आहेत, मोठे शेतकरी, मनानं सज्जन, बोलायला लागले की पंखाही कंटाळून बंद पडावा असे. त्यांनी आपल्या जागेत हे केंद्र काढलं आणि मला मागून आणलं. समारंभ झाला. नागपूरचे पाहुणे म्हणाले, देशनिकालाला तांडेबार, वा, काय शब्द आहे. शाल माझ्या पेटीवर घातली. रुपीबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिला नारळ दिला. शब्द कुणाचा, हे तिला कुणी विचारलं नाही आणि सांगायचं असतं हे तिलाही माहीत नव्हतं.

मग टाळ्या संपल्या आणि कुलूप लागलं. तीन वर्षांत माझं एक पान उलटलं गेलेलं नाही. संशोधक येतात, काचेवरून मोबाइल फिरवतात, फोटो काढून जातात. सगळ्यांच्या फोटोत तेच पान. मला त्या पानाचा, त्या ओळीचा, त्या पहिल्या शब्दाचा वीट आला. मी ओरडून सांगितलं असतं, बाबांनो, दुसरं काही वाचा, नाहीतर हे तरी नीट वाचा. पण डांबरगोळ्यांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

ह्या वर्षी सदाशिवरावांनी ठरवलं, की माझे सगळे शब्द छापून पुस्तक काढायचं. मुखपृष्ठावर पान सत्याऐंशी. राखी आता यवतमाळला कॉलेजात आहे. ती सुट्टीत आली आणि आजीला म्हणाली, चल, पुस्तक निघायच्या आधी वही पाहून येऊ. दोघी मंगळवारी बाजार करून आल्या. रुपीबाईच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. तिनं काचेवर हात ठेवला. बरोबर ह्या हातासमोर मी भरत गेले होते, आणि आता मध्ये बोटभर काच होती.

“वाच पाहू,” ती राखीला म्हणाली. “त्याहीनं माहा शब्द कसा लिवला ते आयकू दे.”

राखीनं वाचलं, “तांडेबार. गुन्ह्यासाठी तांड्याबाहेर काढलेला माणूस.”

“पयला शब्द काय म्हणला तू?”

“तांडेबार.”

“तो नाही. अर्थातला पयला.”

“गुन्ह्यासाठी.”

रुपीबाई खाली बसली. खुर्ची होती, पण ती जमिनीवरच बसली. राखी घाबरली, तिनं पाणी आणलं. पाणी तसंच हातात धरून रुपीबाईनं नातीला जे सांगितलं, ते मी सतरा वर्षं आधीच ओळखायला हवं होतं.

“माहा एक भाऊ होता, किसनसिंग. तुले कोणी त्याचं नाव सांगतलं नसन. त्यानं कोलामाची पोरगी बायको करून आणली. मोठी गुणाची होती ते. तांड्यात नसाब बसला.” कोलाम म्हणजे इथलेच आदिवासी, आणि नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, मित्रांनो. “म्हणले, पाय धर, चुकलो म्हण, बायकोले सोड, मंग तुले घेतो. तो म्हणे, गुन्हा कोणता ते सांगा, मंग पाय धरतो. कोणीच सांगे ना. मंग नायकानं त्याले काढल्याचा कागद लिवाले सांगतला. तांड्यात लिवणारा एकच होता. तुहा आजा.”

“आज्यानं लिवला?”

“नवा-नवा मास्तर होता. वीस-बावीस वर्साचा. नायकासमोर काय बोलन? त्या कागदात बी हाच ‘गुन्ह्यासाठी’ शब्द होता. वाचून दाखोला तवा मी उभी होती. किसन ढाणकीले गेला, कापसाच्या जिनिंगात राबला, तिथंच मेला. निरोप आलता. मले घरच्याईनं जाऊ नाही देल्लं, अन् मी बी नाही गेली.” ती पेटीकडे पाहून म्हणाली, “मले वाटलं होतं, इतके वर्सं त्या इटलीवाल्यासाठी जीव जाळला, तं ह्या माणसाले समजलं असन. समजलं बी असन. पण लिवलं नाही.”

तेव्हा मला तो शाईचा थेंब कळला. सर त्या शब्दापाशी अडले होते आणि अडूनही तोच लिहून मोकळे झाले होते. इतका अभ्यास केलेला माणूस, मित्रांनो. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

भिंतीवर इटलीवाल्याच्या चरित्राचा मोठा फलक आहे. राखी आजीला बरं वाटावं म्हणून तो वाचू लागली. “पाह्य दादी, याले बी तसंच केलं. म्हणले, दंड भर, माफी माग, अन् ये. हा नाही गेला.”

“बरं केलं.”

“दुसऱ्याच गावात मेला. मंग त्याच्या गावाले पश्चात्ताप झाला. त्याहीनं याच्यासाठी रिकामी कबर बांधून ठेवली. हाडं मागतेत, पण ते दुसरं गाव देत नाही. अन् आता आता, दोन हजार आठ साली, गावानं ठराव केला, शिक्षा रद्द म्हणून.”

“किती वर्सानं?”

“सातशे.”

रुपीबाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. “माह्यापाशी तितले नाहीत,” ती म्हणाली आणि उठून सदाशिवरावांच्या खोलीत गेली.

सदाशिवरावांना वाटलं, बाई नवऱ्याच्या वहीचं दर्शन घ्यायला आल्या. त्यांनी चहा मागवला. रुपीबाई म्हणाली, “सायेब, ते कुलूप खोला. एक शब्द चुकला हाय.”

“रुपीबाई, असं करता येत नाही. विद्वानाच्या हस्तलिखितात फेरफार म्हणजे पाप आहे. त्यांनी लिहिलं ते लिहिलं.”

“पुस्तक निंघालं का सगळेच असं वाचतीन. माहा भाऊ गुन्हेगार म्हणून वाचतीन.”

“त्यात तुमच्या भावाचं नावच नाही.”

“नाव नाही, मंग काय झालं? आमच्या तांड्यातून तो एकच निंघाला होता.”

सदाशिवरावांनी मान हलवली. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचं खरंच तसं मत होतं. पुढच्या मंगळवारी रुपीबाई एकटी आली. त्याच्या पुढच्याही आली. यायची, माझ्यासमोर बसायची, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन. ती बाहेर अडकलेली आणि मी आत. काचेत तिचा चेहरा आणि माझी ओळ एकमेकांवर दिसायची. पुस्तक छापखान्यात जायला आठ दिवस उरले होते, आणि माझ्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं. वहीला हात नसतात, हे मी विसरले.

चौथ्या मंगळवारी राखी पुन्हा सोबत होती. सदाशिवराव वैतागून म्हणाले, “बाई, हा शब्दसंग्रह खेमसिंग सरांचा आहे. तो बदलायचा अधिकार फक्त सरांचा.”

“शब्द त्याईचे?” रुपीबाईनं विचारलं. ती रागावली नव्हती, तिला नवल वाटलं. “त्याईले तं पाखडणं म्हणजे काय ते बी मले इचारा लागे. सगळे शब्द माहे हाय, सायेब. त्याईचं अक्षर.”

“हे कशावरून?”

“वहीलेच इचारा न.”

सदाशिवरावांनी पेटीकडे पाहिलं. आपण ही वही पहिल्या पानापासून वाचलेलीच नाही, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं. छापखान्यासाठी त्यांच्या माणसानं फोटोंवरून रकाने उतरवले होते, तेही मी पेटीत जाण्याआधीच्या जुन्या फोटोंवरून, पहिलं पान सोडून. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, त्यात खोबरेल सोडावं लागलं. झाकण उघडलं आणि तीन वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. पट्ट्या निघाल्या. सदाशिवरावांनी पहिलं पान काढलं आणि चष्मा वर सरकवून मोठ्यानं वाचलं, “शब्द सगळे रुपीबाईचे. मी फक्त लिहून घेणारा. खेमसिंग.”

 मग त्यांनी पान सत्याऐंशी काढून मला रुपीबाईसमोर टेबलावर ठेवलं.

“टीप लिहू या,” ते म्हणाले. “समासात. जुना शब्द तसाच ठेवून, बाजूला तुमचं म्हणणं. मोठमोठ्या ग्रंथांत असंच करतात.”

“कोणता हाय तो?” रुपीबाईनं राखीला विचारलं. राखीनं बोट ठेवलं.

रुपीबाईनं अंगठा जिभेला लावला आणि ‘गुन्ह्यासाठी’ या शब्दावर ठेवून घासला. सरांची शाई निळी, शाईच्या पेनातली. ती पसरली, फिकी झाली, पुन्हा अंगठा ओला झाला, पुन्हा घासलं गेलं. मला दुखलं, मित्रांनो, खोटं कशाला बोलू. कागद सुटत आला, आणि शेवटी तिथे एक भोक पडलं. सदाशिवराव कपाळाला हात लावून उभे होते, पण त्यांनी तिचा हात धरला नाही.

“आता वाच,” रुपीबाई म्हणाली.

राखीनं वाचलं, “तांडेबार. तांड्याबाहेर काढलेला माणूस. उदाहरणार्थ, इटलीचा कवी.”

“त्याच्या बाजूले जागा हाय?”

“हाय, दादी.”

“मंग किसनसिंग लिव.”

राखीनं बॅगेतलं बॉलपेन काढलं. तिचं अक्षर सरांसारखं सुबक नाही, थोडं तिरपं जातं. ‘उदा. इटलीचा कवी, किसनसिंग (ढाणकी).’ सदाशिवरावांनी खाली आपल्या हातानं तारीख घातली आणि लिहिलं, की ही दुरुस्ती शब्दाच्या मालकिणीनं केली आहे. पुस्तक तसंच छापलं जाणार आहे. रुपीबाईनं माझ्यावरून एकदा हात फिरवला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “चला, बस निंघून जाईन.”

कुलूप पुन्हा लागलं. मी अजून पेटीतच आहे, खोटी पाटीही तशीच आहे. लोक भोक पाहून हळहळतात, म्हणतात, सातशे वर्षांची वही, कसर लागली असेल. मी काय सांगणार? पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वही असेल, एखादा जुना कागद असेल, तर त्याला काचेत घालू नका आणि कुंकू लावू नका. त्यात ज्या माणसाबद्दल काही लिहिलं आहे, तो माणूस जिवंत असेल तर त्याला शोधा. नसेल तर त्याची बहीण शोधा. आणि काय लिहिलं आहे ते तिला एकदा वाचून दाखवा.